गोऱ्यांचा आजार?

मला मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजे एमएस, हा आजार आहे. यात शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या तंतूंच्या आवरणावर हल्ला करते. नजर अंधुक होते, हातपाय बधिर होतात, कमालीचा थकवा येतो. बहुधा विशी ते चाळिशीत तो सुरू होतो आणि पुरुषांच्या दुपटीहून जास्त बायकांना होतो.

माझा त्रास सुरू झाला तेव्हा मला सांगितलं गेलं, 'हा गोऱ्यांचा आजार. आपल्याकडे नसतो. तुम्ही विचार फार करता.' आज या वाक्याबद्दल बोलायचं आहे.

उत्तर युरोप, कॅनडा इथं एमएसचं प्रमाण जास्त आहे, हे खरंच. पण तिथं न्यूरॉलॉजिस्ट आणि एमआरआयची यंत्रंही जास्त आहेत. जिथं शोधलं जातं, तिथं सापडतं.

अमेरिकेत काळ्या लोकांना हा आजार क्वचित होतो, असा समज होता. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या एका आरोग्य योजनेच्या सुमारे ३५ लाख सभासदांच्या नोंदी तपासल्या गेल्या. २०१३ साली निष्कर्ष आले. वर्षाला लाखामागे नवे रुग्ण काळ्यांमध्ये १०.२, गोऱ्यांमध्ये ६.९, हिस्पॅनिक लोकांमध्ये २.९ आणि आशियाईंमध्ये १.४. हा जास्तीचा धोका काळ्या बायकांनाच होता. काळ्या पुरुषांचं प्रमाण गोऱ्या पुरुषांइतकंच होतं.

आपल्या मुंबईतही पारशी समाजाच्या पाहणीत लाखामागे सुमारे २६ रुग्ण आढळले. ती १९९० साली प्रसिद्ध झाली. म्हणजे आनुवंशिकतेचा वाटा आहेच. पण त्याच वर्षी ब्रिटनमधून वेगळी माहिती आली. भारतीय उपखंडातून तिथं गेलेल्यांमध्ये एमएस कमी होता. तिथंच जन्मलेल्या त्यांच्या मुलांमध्ये मात्र तो जवळजवळ गोऱ्यांइतका होता. रक्त तेच, बालपण वेगळं. ऊन, ड जीवनसत्त्व, लहानपणी होणारे विषाणूसंसर्ग यांचा संबंध संशोधक तपासत आले आहेत.

तेव्हा समाजासमाजांत फरक आहे, पण कमी म्हणजे शून्य नव्हे. लाखामागची संख्या समोर बसलेल्या बाईचं निदान करत नाही. तिला तपासावंच लागतं.

एका डोळ्याची नजर अचानक अंधुक झाली, बधिरपणा दिवसभराहून जास्त टिकला, तर 'बायकांचं असंच असतं' हे ऐकून परत येऊ नका. न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवा, असं स्पष्ट म्हणा. लवकर सुरू केलेल्या औषधांनी पुढचे झटके कमी होतात. आणि २०१६च्या अपंग हक्क कायद्यात एमएसचं नाव आहे, हेही आपल्या बायकांपर्यंत पोचवा.