गांवठी कोंबडी अधिक अंडीं कशी देईल?

कोंबडीसारख्या क्षुद्र प्राण्यावर भाषण करावयाचें, आणि तेंहि एका निवृत्त शाळामास्तरानें, याचें कांहीं जणांस हसूं येईल. परंतु ज्या घरच्या परसांत पांचदहा कोंबड्या हिंडतात, त्या घरच्या गृहिणीला विचारून पाहावें. शेताचा पैसा यजमानाच्या हातीं जातो, दुधाचा डेअरीच्या खात्यावर जमा होतो. अंडीं विकून आलेले चार पैसे मात्र तिच्या स्वतःच्या पदराच्या गांठीला राहतात. मुलांच्या वह्या, देवाचें तेल, माहेरीं जावयाचें एस. टी. चें भाडें, हें सगळें त्यांतूनच निघतें. तेव्हां तिची कोंबडी वर्षाला साठांऐवजीं नव्वद अंडीं देऊं लागली, तर तो फरक कोणाच्या हिशेबांत क्षुद्र असेल, तिच्या हिशेबांत नाहीं.

गांवठी कोंबडी आळशी आणि विलायती उद्योगी, असें सरसकट म्हटलें जातें. मला तें पटत नाहीं. गांवठी कोंबडीचें वर्ष कसें जातें तें पाहा. ती एका पाळीस बारापासून अठरापर्यंत अंडीं देते आणि खुडूक होते. मग एकवीस दिवस अंड्यांवर बसते. दिवसाकांठीं एकदां उठून चार दाणे टिपते, पाणी पिते आणि परत जाऊन बसते. पिलें बाहेर पडलीं कीं पुढें दोन-अडीच महिने त्यांना पंखांखालीं घेऊन फिरते, घारीवर धांवून जाते, मुंगसाची चाहूल लागतांच सर्वांस सावध करते. अशा तीनचार पाळ्या झाल्या कीं वर्ष संपतें, आणि अंडीं भरतात पन्नास-साठ. या गृहस्थाश्रमांत अंडीं देण्यास तिला सवड ती कितीशी मिळणार? पांढरी लेगहॉर्न तीनशें अंडीं देते, याचीं कारणें पुष्कळ आहेत, पण खुडूक होणें ती जवळजवळ विसरून गेली आहे, हें त्यांतील एक मोठें कारण होय.

या सर्व कुळाचा मूळपुरुष रानांतील तांबडा रानकोंबडा, असें मत डार्विननें 1868 सालच्या आपल्या ग्रंथांत मांडलें होतें, आणि पुढील संशोधनानें तें मुख्यतः खरें ठरलें. रानांतील मादी वर्षाला दहापंधरा अंड्यांवर थांबते. तेथून तीनशेंपर्यंतची मजल माणसानें निवड करकरून गांठली. जातां जातां एक मौजेची गोष्ट सांगतों. पाळीव कोंबडीच्या पिवळ्या कातडीचा गुण तांबड्या रानकोंबड्याचा नसून राखी रानकोंबड्याकडून आलेला असावा, असें 2008 सालीं दिसून आलें. हा राखी रानकोंबडा म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या रानांत पहांटे आरवणारा तोच. इटलींतील लिव्होर्नो बंदरावरून लेगहॉर्नला तिचें नांव पडलें खरें, पण तिच्या पायांचा पिवळेपणा आपल्या बाजूच्या डोंगरांतून गेलेला आहे! या पिवळेपणाचें आणखी एक काम पुढें पडणार आहे, म्हणून त्याचा उल्लेख केला.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळतों. निवड माणूस करतो हें खरें, पण आपण खेड्यांतले लोक नकळत कोणती निवड करीत आलों आहों? समजा, एका घरीं दोन कोंबड्या आहेत, एक काळी व एक तांबडी. काळी महिना महिना अंडीं देते आणि बसण्याचें नांव काढीत नाहीं. तिचीं अंडीं बाजारांत जातात, किंवा पोळी होऊन पाहुण्याच्या ताटांत पडतात. तांबडी पंधरा अंडीं देऊन खुडूक होते. तिच्याखालीं तिचींच अंडीं ठेवलीं जातात, कारण तीं तेथेंच असतात. पुढल्या वर्षीं परसांत पिलें कोणाचीं हिंडतात? तांबडीचीं. काळीचा वंश तव्यावर संपला. हें एका घरचें एका वर्षाचें झालें. हेंच गांवोगांव पिढ्यान् पिढ्या चाललें, तर कोंबडी लवकर खुडूक होणारी निपजली, यांत तिचा अपराध तो कोणता? कोंबड्याच्या बाबतींत तर याहून विपरीत. अंगानें भरलेला, लवकर वाढलेला कोंबडा जत्रेला नाहीं तर जांवयाला कापला जातो, नाहीं तर बाजारांत चांगला दाम घेऊन येतो, आणि मागें खुरटलेला राहतो. वर्गांतलीं हुशार मुलें दरसाल शाळेंतून काढून टाकावींत आणि निकाल वाईट लागला म्हणून गांवाच्या पाण्याला दोष द्यावा, तसा हा प्रकार आहे.

म्हणून माझें पहिलें सांगणें असें, कीं बसणारी कोंबडी खुशाल तांबडी असूं द्या, तिच्याखालचीं अंडीं मात्र काळीचीं असावींत. यास एक पैसा पडत नाहीं. काळीचीं अंडीं आठवडाभर, फार तर दहा दिवस, गार जागीं, निमुळतें टोंक खालीं करून जपून ठेवावींत आणि तांबडी खुडूक झाली कीं तिच्याखालीं सरकवावींत. याहून जुन्या अंड्यांतून पिलें कमी निघतात.

परंतु दहाबारा कोंबड्यांच्या घोळक्यांत काळी कोणती, हें ओळखावें कसें? घरची बाई पुष्कळदां अंड्याच्या आकारावरून व रंगावरून तें सांगते, आणि तिचें सांगणें सहसा चुकत नाहीं. तरी माझा भरंवसा वहीवर अधिक. जन्मभर हजेरीपुस्तकें भरलेल्या माणसाचा तो स्वभावच आहे म्हणा. प्रत्येक तलंगेच्या पायांत निराळ्या रंगाचें कडें घालावें आणि तिचें पहिलें अंडें पडल्या दिवसापासून नोंद ठेवावी. कोंबडी आंत शिरतांच मागें आपोआप पडणारें दार खोक्याला बसविलें, म्हणजे अंडें कोणाचें याबद्दल वाद उरत नाहीं. मात्र दर तासा-दीड तासानें जाऊन तिला मोकळी केली पाहिजे, नाहीं तर उन्हाळ्यांत ती आंतच गुदमरेल. रोज इतकी दगदग होत नसेल, तर आठवड्यांतून ठरलेले तीन दिवस नोंद केली तरी चांगली कोणती व वाईट कोणती, हें कळण्यास पुरें होतें.

वही नसेल तेथें हातानें परीक्षा करतां येते. कोंबडीच्या शेपटीखालीं, अंडें बाहेर पडण्याच्या वाटेच्या दोहों बाजूंस, दोन बारीक हाडांचीं टोंकें बोटांना लागतात. अंड्यावर असलेल्या कोंबडीच्या या टोंकांमध्यें दोनतीन बोटें सहज मावतात, बंद झालेलीच्या एक बोटहि कष्टानें जातें. तुरा लाल, भरलेला व ऊबदार असावा. आतां तो पिवळा रंग. पिवळ्या कातडीची कोंबडी अंडीं देऊं लागली कीं तिच्या खाण्यांतील पिवळा रंग बलकाकडे वळतो आणि अंगावरचा उतरूं लागतो. प्रथम अंड्याच्या वाटेभोंवतालचा, मग डोळ्याच्या कडेचा, मग चोंचीचा, आणि सर्वांच्या शेवटीं पायांचा. जिचे पाय पांढुरके पडले, ती कित्येक महिने अंडीं देत आली असें खुशाल समजावें. कडकनाथासारख्या काळ्या पायांच्या जातीला अर्थातच ही कसोटी लागत नाहीं. आणखी एक गोष्ट. पिसें लवकर झाडून झपाझप पुन्हां गुबगुबीत दिसणारी कोंबडी आपण कौतुकानें राखतों, आणि उशीरापर्यंत फाटकीतुटकी दिसणारी विकून टाकतों. बहुधा तीच फाटकी, पिसें झाडण्याचें लांबवून, इतके दिवस अंडीं देत राहिलेली असते.

एवढें ऐकून कोणी म्हणेल, मग अवघड तें काय? जास्त अंड्यांच्या कोंबड्या ठेवाव्या, बाकीच्या विकाव्या. नेमका हाच प्रयोग अमेरिकेंत मेन राज्याच्या कृषि-संशोधन केंद्रांत 1898 सालीं सुरू झाला. सापळ्याचीं खुराडीं बसवून गोवेल यांनीं कोंबडीगणिक नोंद ठेवली. वर्षाला 160 च्या खालीं अंडीं देणारी कोंबडी पैदाशीस ठेवावयाची नाहीं, आणि कोंबडा घ्यावयाचा तो 200 अंड्यांच्या आईचाच, असा कडक नियम होता. पुढें रेमंड पर्ल या शास्त्रज्ञानें हे आंकडे बारकाईनें तपासले, तेव्हां असें दिसलें कीं, 1907 पर्यंत इतकीं वर्षें निवड करूनहि कळपाची सरासरी वाढलेली नव्हती!

याचें कारण समजून घेण्याजोगें आहे. एखादी कोंबडी 200 अंडीं देते, तें तिच्या रक्ताचें म्हणून, कीं चांगला दाणा, चांगली जागा आणि निरोगी वर्ष लाभलें म्हणून, हें तिच्या एकटीच्या आंकड्यावरून कळत नाहीं. परिस्थितीनें मिळालेलें यश पिलांत उतरत नाहीं. पर्लनें मार्ग दाखविला तो असा, कीं कोंबडीची परीक्षा तिच्या मुलींवरून करावी. जिच्या चारपांच मुली एकाच परसांत, एकाच दाण्यावर इतरांपेक्षां सरस निघतात, तिचें रक्त खरें. या रीतीनें तेथली सरासरी वर चढूं लागली. तिकडे ऑरेगॉनच्या कृषि महाविद्यालयांत जेम्स ड्रायडन यांच्या देखरेखीखालीं 1913 सालीं एका कोंबडीनें वर्षांत 303 अंडीं दिलीं, आणि नोंदलेल्या संख्येनें तीनशेंचा आंकडा प्रथमच ओलांडला.

मुलींवरून आईची परीक्षा, तशीच बापाची. कोंबडा अंडें देत नाहीं, त्यामुळें त्याच्या अंगीं काय आहे तें डोळ्यांस दिसत नाहीं, पण प्रत्येक पिलांत अर्धा वांटा त्याचा असतो, आणि दहा कोंबड्यांमागें एकच कोंबडा पुरत असल्यामुळें त्याची निवड फळली तरी दसपट व फसली तरी दसपट. मुलींनीं अंडीं देण्यास सुरुवात करून तीनचार महिने लोटेपर्यंत बाप जिवंत राहिला पाहिजे. आपल्याकडे तो दुसरा शिमगा पाहत नाहीं, हीच खरी अडचण. शिवाय गांवचा कोंबडा कोणा एकाचा नसतो. शेजारच्या कुंपणावरून उडी मारून येणारा पुष्कळदां तुमच्या पिलांचा बाप असतो. म्हणून हें काम वाडींतल्या चार घरांनीं मिळून करावें: प्रत्येकानें चांगल्या आईचा एक कोंबडा राखावा, बाकीचे तरुणपणींच विकावे, आणि दरवर्षीं कोंबडे आपसांत बदलावे, म्हणजे भावाबहिणीचा संबंध टळतो. जवळच्या नात्यांतल्या जोडीच्या अंड्यांतून पिलें कमी निघतात. कोंबडा बदलल्यावर तीन आठवडे अंडीं उबवणीस ठेवूं नयेत. आधींच्या कोंबड्याचा अंश मादीच्या शरीरांत दोनतीन आठवडे टिकून असतो.

एवढा खटाटोप कशाला, सुधारलेली जात विकत आणावी, असें कोणी सुचवील. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयानें वनराजा व ग्रामप्रिया, इज्जतनगरच्या संस्थेनें असीलापासून निर्भीक, बंगळूरच्या कृषि विद्यापीठानें गिरिराज अशा परसांत वाढणाऱ्या कोंबड्या तयार केल्या आहेत. त्या गांवठीपेक्षां पुष्कळ अधिक अंडीं देतात, आणि ज्याला आजच अंडीं पाहिजेत त्यानें त्या अवश्य घ्याव्या. पण त्या सहसा बसत नाहींत, आणि त्यांच्या अंड्यांपासून घरीं वाढविलेली पुढची पिढी आईसारखी सारखी निपजत नाहीं. म्हणजे दरवेळीं पिलांसाठीं बाहेर हात पसरणें आलें. त्यांचा कोंबडा गांवठींत मिसळून दिला, तर चारपांच वर्षांत निवड करण्यास गांवठीच उरणार नाहीं. नंदुरबार-नवापूरकडची बुसरा, झाबुआचा कडकनाथ, झुंजीसाठीं पिढ्यान् पिढ्या जपलेला असील, हे निरनिराळे वंश आहेत. निकोबारी कोंबडी तर देशी जातींत अंड्यांविषयीं विशेष नांवाजलेली आहे. तेव्हां देशी रक्तांत अंडीं नाहींतच, हें म्हणणें टिकत नाहीं.

मात्र अंड्यांच्या मागें लागून खुडूकपणा साफ नाहींसा करूं नये. ज्या घरीं उबवणीचें यंत्र नाहीं, तेथें बसणारी कोंबडी हेंच यंत्र, आणि तें वीज मागत नाहीं. दहांत दोनतीन तांबड्या असाव्याच. त्यांनीं पिलें वाढवावींत, काळ्यांनीं अंडीं द्यावींत. ज्या काळ्या चुकून खुडूक होतात, त्यांना जमिनीपासून उंच, खालून वारा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यांत चारपांच दिवस दाणापाणी देऊन ठेवावें, म्हणजे त्या बसण्याचें सोडून देतात.

खाण्याविषयीं थोडक्यांत सांगतों. उकिरड्यावरचे किडे व मूठभर धान्य यांवर साठ अंडीं निघतील, शंभर निघणार नाहींत. पेंडीचा चुरा आणि कवचासाठीं शिंपल्यांचा किंवा चुनखडीचा कूट हीं हवींतच. दिवस लहान झाला कीं अंडीं कमी होतात, तोहि दोष कोंबडीचा नव्हे. मुंबईस मार्गशीर्षाच्या सुमारास दिवस सुमारें अकरा तासांचा असतो, आणि तिला भरपूर अंड्यांसाठीं चौदा तासांहून अधिक उजेड लागतो. म्हणून दोन कोंबड्यांची तुलना करावयाची ती एकाच ऋतूंतली करावी.

राहतां राहिला रोग. मानमोडी एकदां वाडींत शिरली, तर दहा वर्षांची वही एका आठवड्यांत निरर्थक होते. पिलांना पहिल्या आठवड्यांत नाकांत किंवा डोळ्यांत थेंबाची लस, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास टोंचावयाची लस पशुवैद्यकीय दवाखान्यांतून करून घ्यावी. आणि काळीचीं सगळींच अंडीं आपल्या घरीं बसवूं नयेत. दरसाल पांचसहा अंडीं शेजारणीच्या खुडूक कोंबडीखालीं घालावींत, व त्या पिलांच्या पायांतलें कडें कोणत्या रंगाचें तें आपल्याहि वहींत टिपून ठेवावें.