संगणकाच्या स्मृतीची परीक्षा

(आंबेगाव व जुन्नर तालुक्यांतील प्राथमिक शिक्षकांच्या सभेत दिलेले भाषण)



मुलाचे पाढे पाठ झाले किंवा नाही हे आपण त्याच्याकडून म्हणवून घेतल्यावाचून मान्य करीत नाही. परंतु ज्या संगणकाच्या स्मृतीवर विसंबून आपण त्याच मुलाची जन्मतारीख, हजेरी व गुण यांची नोंद करतो, त्या स्मृतीची परीक्षा आपण कधी घेतली आहे काय? आज या प्रश्नाचा थोडा विचार करावयाचा आहे.

संगणकाची स्मृती म्हणजे असंख्य लहान घरांची रांग होय. प्रत्येक घरात शून्य किंवा एक एवढेच राहू शकते. त्यास बिट म्हणतात. ४ जीबी स्मृतीत अशी सुमारे ३,४३६ कोटी घरे असतात. आता असे समजा की, आपण एका मुलीची जन्मतारीख १३ जून अशी लिहिली. यंत्राच्या लिपीत तीन हा अंक ००११ असा असतो. त्यातील डावीकडून दुसरे घर बिघडलेले असून त्यात सदैव एकच राहत असेल, तर ००११ चे ०१११ होईल, म्हणजे सात. तारीख १७ जून झाली! यंत्र थांबले नाही, काही बोललेही नाही. ती चुकीची तारीख तबकडीवर साठविली गेली की तिच्या सर्व प्रतींतही तीच चूक उतरते. न बोलता चुकणारी स्मृती ही बंद पडलेल्या यंत्राहून अधिक घातक, ती याचमुळे.

ही चिंता नवीन नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेला संगणक १९६० साली पूर्णपणे कामास लागला व १९६२ साली पंडित नेहरूंनी त्यास टिफ्रॅक हे नाव दिले. त्याच्या स्मृतीत प्रत्येकी ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत; म्हणजे एकंदर ८१,९२० बिट. आपल्या खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण उभारणारी संस्था ती हीच. टिफ्रॅकची स्मृती फेराइटच्या चिमुकल्या कड्यांची होती. अशा कड्यांच्या स्मृतीत एक कडी वाचताना शेजारच्या कड्यांनाही थोडा विजेचा धक्का बसे; म्हणून तिची परीक्षा घेताना शून्य व एक यांची शेजाऱ्यांना अधिकात अधिक त्रास होईल अशीच मांडणी मुद्दाम करीत. आजच्या स्मृतीत कड्यांच्या जागी विद्युत्भाराचे सूक्ष्म साठे आहेत. ते गळत असतात आणि साधारणतः दर ६४ सहस्रांश सेकंदाच्या आत पुन्हा भरावे लागतात. घरे बदलली, शेजाऱ्याच्या उपद्रवाची भीती मात्र तशीच राहिली.

मग परीक्षा घ्यावी कशी? सर्व घरांत शून्य लिहून वाचावे व नंतर सर्व घरांत एक लिहून वाचावे, असे प्रथम सुचते. अडून बसलेले घर याने सापडते. पण तेवढे पुरत नाही. हे वर्गातच पाहता येईल. आठ मुलांना एका रांगेत उभे करा व प्रत्येकाच्या हाती एक पाटी द्या. गुरुजी सांगतील तो अंक, शून्य किंवा एक, मुलाने पाटीवर लिहावा व विचारताच दाखवावा. त्यांपैकी एकाच्या कानात गुपचूप सांगा, "तुझ्या उजवीकडच्याने पाटी बदलली की तूही तशीच बदल." आता सर्वांना शून्य लिहावयास सांगा, सर्व शून्ये दिसतील. सर्वांना एक लिहावयास सांगा. सर्व एकच दिसतील. लबाडी उघड होणार नाही.

आता पुन्हा सर्वांना शून्य लिहावयास लावा आणि रांगेच्या डाव्या टोकापासून निघा. प्रत्येकाची पाटी प्रथम वाचा, शून्यच आहे अशी खात्री करा, मग त्यास एक लिहावयास सांगा व पुढे चला. तरीही तो मुलगा निसटतो. कारण उजवीकडच्याची पाटी बदलते तेव्हा त्याच्या स्वतःच्या पाटीवर आधीच एक आलेला असतो. परंतु हीच क्रिया सर्व शून्यांपासून उलट, उजव्या टोकाकडून करा. शेजाऱ्याने एक लिहिताच हा मुलगाही एक लिहील. आपण त्याच्यापुढे येऊन शून्याची अपेक्षा करू, आणि तो पकडला जाईल. तो डावीकडच्याची नक्कल करीत असता, तर मात्र पहिल्याच फेरीत सापडला असता. म्हणून खरी परीक्षा दोन्ही बाजूंनी घ्यावी लागते. पाढे केवळ सरळ म्हणवून न घेता उलटेही म्हणवून घेण्याचा आपला प्रघात यंत्रालाही तितकाच लागू पडतो. शून्यावरून एकावर व एकावरून शून्यावर अशा दोन्ही बदलांसाठी या फेऱ्या करतात. अशा परीक्षेच्या एका प्रसिद्ध पद्धतीत प्रत्येक घरामागे लिहिणे व वाचणे मिळून दहाच क्रिया होतात. शून्य-एकाच्या सर्व मांडण्या तपासू म्हटले, तर नुसत्या वीस घरांच्या १०,४८,५७६ मांडण्या होतील. कोट्यवधी घरांची गोष्टच नको.

आपणांस हे सर्व हाताने करावयाचे नाही. विंडोज प्रणालीत विंडोज मेमरी डायग्नोस्टिक नावाची सोय असते. ती निवडल्यास संगणक पुन्हा सुरू होऊन आपली स्मृती तपासतो. मेमटेस्ट ८६ प्लस हा विनामूल्य कार्यक्रम पेनड्राइव्हवरून चालविता येतो. हे दोन्ही नेहमीची प्रणाली सुरू होण्यापूर्वीच काम करतात. कारण झाडून काढावयाचे तर घर शक्य तेवढे रिकामे हवे. एकाहून अधिक फेऱ्या होऊ द्याव्यात; त्यास काही तास लागतील. या परीक्षेत पस्तीस टक्क्यांना उत्तीर्ण नाही. एकही चूक दिसली तर स्मृती नापास समजावी व तोवर त्या यंत्रावर महत्त्वाची नोंद करू नये.

चूक निघाली म्हणजे पट्टी लगेच टाकून द्यावी असेही नाही. आपल्या डोंगरपट्ट्यात पावसाळ्यात दिवसेंदिवस धुके खाली उतरलेले असते. दमटपणाने स्मृतीच्या पट्टीची धातूची टोके मळतात व जोड ढिला पडतो. वीज पूर्ण तोडून, पेटीच्या धातूला हात लावून अंगातील स्थिर विद्युत उतरवावी. मग पट्टी काढून तिची टोके शिसपेन्सिलीच्या खोडरबराने हलकेच पुसावीत, नीट बसवावी व पुन्हा परीक्षा घ्यावी. तरीही चूक राहिली, तर एकेक पट्टी स्वतंत्र तपासून दोषी पट्टी बदलावी. पट्टी यंत्रालाच जोडलेली असेल, तर ते काम जाणकारावर सोपवावे.

येथे एक मर्यादाही सांगितली पाहिजे. परीक्षेने कायमचा दोष सापडतो, क्षणिक सापडेलच असे नाही. १८ मे २००३ रोजी बेल्जियममध्ये झालेल्या निवडणुकीत शारबेक येथे एका उमेदवाराला ४,०९६ मते अधिक मोजली गेली. मिळू शकतील त्याहून ती अधिक असल्यामुळेच संशय आला. ४,०९६ ही संख्या म्हणजे दोनाचा बारावा घात; म्हणून एकच बिट आपोआप उलटला असावा असे अनुमान तज्ज्ञांनी काढले. अशा चुका यंत्रानेच ओळखून दुरुस्त कराव्यात, यासाठी रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० साली जादा बिटांची युक्ती प्रसिद्ध केली होती. मोठ्या यंत्रांत तशी स्मृती वापरतात. शाळेत येणाऱ्या साध्या यंत्रांत ती सहसा नसते.

म्हणून माझी विनंती दोनच गोष्टींची आहे. वर्षारंभी नोंदी भरण्यापूर्वी व पावसाळा सरल्यावर, अशी वर्षातून दोनदा संगणकाच्या स्मृतीची परीक्षा घ्यावी. आणि नोंद भरून झाल्यावर एकाने पडद्यावरून वाचावे व दुसऱ्याने हजेरीपटाशी व जनरल रजिस्टराशी ताडून पाहावे. दूरच्या वाडीतील एखाद्या मुलीची जन्मतारीख एका बिटाने बिघडली, तर ती दुरुस्त करून घेण्यासाठी पुढे तिच्या आईबापांची मजुरी बुडेल व त्यांना कचेरीचे खेटे घालावे लागतील. ते टाळणे आपल्या हाती आहे.