वाऱ्याचा पंचनामा कोण करणार?

(लोणी काळभोर येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा संक्षेप)



आजची बैठक लोणी काळभोरला ठेवली, कारण सोलापूर रस्त्यावरचे हे गाव सगळ्यांना मध्ये पडते. दौंड, इंदापूर, पुरंदरची माणसे आली आहेत. करमाळा-बार्शीची ज्वारीवाली मंडळी आली आहेत. शेवगाव-पाथर्डीकडून कापूसवालेही आले आहेत. येताना तुम्ही पाहिले असेल, कालव्याच्या खाली ऊस आणि तरकारी, आणि कालव्याच्या वर, रामदऱ्याच्या बाजूला गेले की माळ सुरू होतो. फाल्गुनात वारा सुटला की खालचा शेतकरी विजेच्या तारांकडे बघतो आणि वरचा शेतकरी उभ्या ज्वारीकडे बघतो. आज आम्हाला बोलायचे आहे ते या वरच्या शेतकऱ्याबद्दल, म्हणजे तुमच्याबद्दल.

होळी तोंडावर आली आहे. सकाळी गारवा, दुपारी चटका, संध्याकाळी आभाळ आणि मध्येच धुळीचा लोट, असे चार-सहा दिवस दरवर्षी येतात. दुष्काळावर आपण मोर्चे काढतो, अतिवृष्टीवर काढतो. या चार-सहा दिवसांवर कोणी काढत नाही. पण जिरायतीचे वर्षभराचे धान्य आणि वर्षभराची वैरण नेमकी याच दिवसांत रानात असते.

हा वारा येतो कुठून?

आम्ही कृषी महाविद्यालयात शिकलो तेव्हा हा विषय अर्ध्या तासात संपला होता. खरे म्हणजे तो समजायला अवघड नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये जमीन तापू लागते. उत्तरेत पश्चिमेकडून थंड हवेचे झोत एकामागून एक येत असतात आणि त्यांचा एखादा पट्टा वरच्या थरात आपल्यापर्यंत खाली उतरतो. त्याच वेळी समुद्रावरून दमट वारे आत शिरतात. खाली तापलेली दमट हवा, वर थंड कोरडी हवा. दुपारनंतर ढग उभे राहतात आणि तासाभरात गडगडाट, वारा आणि कधी गारा. गार पडणार की नुसता वारा सुटणार, ते ढगावर अवलंबून. म्हणूनच एका शिवारात ज्वारी झोपते आणि शेजारच्या गावात पानही हलत नाही.

हवामान खाते म्हणते, ताशी ३० ते ४० किलोमीटर वेगाने वारे. आकडा ऐकून काही वाटत नाही. पण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. २० च्या वाऱ्यात डोलणारी ज्वारी ४० च्या वाऱ्यात चौपट रेटा खाते, आणि वर भरलेले कणीस असते.

२०२३ चा तो आठवडा

२०१४ साली फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत जी गारपीट झाली ती कोणी विसरलेले नाही. तिचे आकडे सरकारनेच दिले, ४ हजार कोटींचे पॅकेज जाहीर केले. पण आम्हाला सांगायचे आहे ते २०२३ च्या मार्चचे. आदल्या वर्षीचा पाऊस ऑक्टोबरपर्यंत लांबला होता. वाफसा उशिरा आला, पेरण्या उशिरा झाल्या, म्हणून मार्चमध्येही बरीच ज्वारी रानात उभी होती. होळीच्या आसपास एकदा वारा-पाऊस झाला. मग १५ मार्चपासून पुन्हा आभाळ फिरले आणि चार-पाच दिवस राज्यात कुठे ना कुठे वादळ, पाऊस, गारा सुरूच राहिल्या. त्याच वेळी, १४ ते २० मार्च, जुन्या पेन्शनसाठी राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा संप चालू होता. संपाच्या मागणीबद्दल आम्ही इथे बोलत नाही. एवढेच सांगतो की ज्वारी पडली त्या दिवशी पंचनामा करणारा माणूस कामावर नव्हता.

त्या आठवड्यात आम्ही जिरायती पट्ट्यातल्या एका गावी गेलो. गावाचे नाव सांगत नाही. दोन एकर मालदांडी सपाट पडली होती. घरचे म्हातारे बाबा बांधावर बसून होते. ते म्हणाले, "साहेब, पंचनाम्यासाठी ठेवू का पोटासाठी काढू?"

आम्ही काय सांगितले? आम्ही म्हणालो, "बाबा, हात लावू नका. पंचनामा झाल्याशिवाय पीक हलवले तर हक्क जाईल." चळवळीत हेच शिकलो होतो, तेच सांगितले. बाबा थांबले. पडलेल्या कणसांवर पुन्हा सर आली. खालच्या बाजूची कणसे मातीला लागून काळी पडली, काहींना कोंब फुटले. कडबा ओला होऊन कुबट झाला, बैल तोंड लावीनात. संप मिटला, पाडवा झाला, त्यानंतर पंचनामा झाला. तोवर निम्मे वाचू शकणारे पीक पुरते गेले होते. वाऱ्याने केले त्याच्याइतकेच नुकसान आमच्या सल्ल्याने केले. ही चूक आमची होती, आणि ती तुमच्यासमोर कबूल केल्याशिवाय पुढचे बोलण्याचा आम्हाला अधिकार नाही.

ज्वारी वाऱ्याने पडते का?

आता शेतीचे बोलू. एकाच शिवारात एकाची ज्वारी पडते आणि दुसऱ्याची उभी राहते, हे तुम्ही पाहिले आहे. वारा दोघांना सारखाच होता. मग फरक कशाचा?

पडलेले ताट बुडाजवळ चिरून बघा. पुष्कळदा आतला भेंड करडा-काळा, पोकळ झालेला दिसेल. हा खडखड्या. दाणा भरायच्या वेळी जमिनीतली ओल संपली की ही बुरशी मुळातून ताटात शिरते. म्हणजे ताट पौष-माघातच पोखरले गेलेले असते, वारा फक्त शेवटचा धक्का देतो. म्हणून ज्वारी उभी ठेवायची असेल तर काम पेरणीपासून सुरू होते. दाट पेरू नका. दोन ओळींत ४५ आणि दोन ताटांत १५ सेंटिमीटर राहील अशी विरळणी करा. जिरायतीत युरियाचा हात आखडता ठेवा. तिसरी कोळपणी आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्याने करा, म्हणजे भेगा बुजतात आणि ओल टिकते. जमिनीप्रमाणे वाण घ्या. राहुरी विद्यापीठाने हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा सांगितलेली आहे. मालदांडी सोडा असे आम्ही म्हणत नाही. मोहोळच्या केंद्रातून आलेले ते वाण जवळजवळ नव्वद वर्षे भाकरीला आणि कडब्याला टिकून आहे, ते उगीच नाही. पण ती उंच वाढते. हलक्या माळावर ती पेरली तर वाऱ्याला आमंत्रण दिल्यासारखे आहे.

काटा काय मोजतो?

आता भरपाई. सरकारी मदतीला पिकाचे नुकसान किमान ३३ टक्के लागते. २०१५ पूर्वी ५० टक्के लागायचे. २०१४ च्या पॅकेजमध्ये जिरायतीला हेक्टरी १० हजार रुपये होते, २ हेक्टरपर्यंत. केंद्राने २०२२ ते २०२६ साठी जे दर ठरवले त्यात जिरायतीला हेक्टरी ८ हजार ५०० आहेत. राज्याने अधूनमधून त्यात आपली भर घातली, ते वेगळे. केंद्राच्या आपत्तींच्या यादीत गारपीट आहे, चक्रीवादळ आहे. नुसत्या सोसाट्याच्या वाऱ्याला त्या यादीत वेगळी जागा नाही.

राहिला पीक विमा. आधी नियम होता की वादळ-गारपीट झाली की ७२ तासांत कळवा, तुमच्या रानाची पाहणी होईल. काढून रानात पसरलेल्या पिकालाही १४ दिवस संरक्षण होते. २०२५ च्या खरिपापासून राज्याने ही जादा संरक्षणे काढून टाकली आणि भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगावर ठेवली. म्हणजे काय ते हिशेबाने बघा. मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी काढायची आणि तिच्या ७० टक्के हे उंबरठा उत्पादन. समजा तुमच्या मंडळाची सरासरी हेक्टरी १० क्विंटल, तर उंबरठा ७. या वर्षी मंडळाचे उत्पादन ८ आले आणि तुमच्या रानात ३ आले, तर तुम्हाला मिळणार शून्य. हा वारा मंडळभर सारखा वाहत नाही, हे आताच सांगितले. जे नुकसान पट्ट्यापट्ट्याने होते त्याला मंडळाची सरासरी लावली की ते कागदावरून नाहीसे होते.

दुसरी गोष्ट याहून वाईट. प्रयोगात धान्याचे वजन होते. काळ्या पडलेल्या ज्वारीचे वजन फारसे कमी भरत नाही, कमी होतो तो भाव. आणि कडबा तर त्या काट्यावर येतच नाही. जिरायती ज्वारीवाल्याला विचारा, तो ज्वारी निम्मी दाण्यासाठी करतो आणि निम्मी कडब्यासाठी. दाणा काळा आणि कडबा कुजका, तरी कागदावर पीक चांगले!

कोणी म्हणेल, वारा मोजायचा कसा? मोजला जातो, भावांनो. महावेध प्रकल्पात राज्यात महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून जास्त स्वयंचलित हवामान केंद्रे बसली, आणि पाऊस-तापमानाबरोबर वाऱ्याचा वेगही त्यांत नोंदला जातो. फळपीक विम्यात केळीसाठी वेगाचा वारा हा धोका म्हणून धरलेला आहे. केळीवाल्याला मिळते याचे आम्हाला दुःख नाही, त्यालाही कमीच मिळते. पण केळीला लागतो तो वारा, आणि ज्वारीला लागते ती झुळूक? इथून वीसेक किलोमीटरवर, पुण्यात, हवामान खात्याचा शेतीविभाग १९३२ साली डॉ. रामदास यांनी सुरू केला. नव्वद वर्षे झाली. शास्त्र आहे, यंत्र आहे, नोंद आहे. नोंदीपासून शेतकऱ्याच्या खात्यापर्यंतचा रस्ता तेवढा झालेला नाही.

या आठवड्यात काय करायचे?

पहिले. दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका आला की दाणा भरून झाला. त्यानंतर ताटावर ठेवून वजन वाढत नाही, फक्त जोखीम वाढते. आभाळाचा इशारा असेल तर ताट वाळायची वाट पाहू नका, काढणी करा. मजूर मिळत नाहीत हे आम्हाला माहीत आहे. म्हणून चार घरांनी मिळून सावड करा आणि ज्याचे रान आधी तयार त्याचे आधी काढा. कृषी विद्यापीठांचा हवामान सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. गावात एकाने तो बघून देवळात वाचून दाखवायचा.

दुसरे. काढलेल्या पेंढ्या रानात पसरून ठेवू नका. बुचाड उंचवट्यावर रचा, कणसे आत आणि बुडखे बाहेर, वर ताडपत्री आणि ताडपत्रीला दोर. दोर नसलेली ताडपत्री वारा शेजारच्या गावात नेतो.

तिसरे. पीक पडलेच, तर २०२३ सारखे थांबू नका. त्याच दिवशी मोबाईलवर तारीख-ठिकाणासह फोटो काढा. बांधाकडचा दोन गुंठ्यांचा पट्टा तसाच राहू द्या, बाकीचे काढून घ्या. पाच शेजाऱ्यांच्या सह्यांनी गावपंचनामा लिहा, त्यात कडब्याच्या पेंढ्या आणि काळी पडलेली ज्वारी वेगळी नोंदवा, तहसील कार्यालयात द्या आणि पोच घ्या. ई-पीक पाहणीत नोंद नसेल तर हे सगळे फुकट, म्हणून ती आधी तपासा.

कापूसवाल्यांना थोडक्यात. फरदडीच्या मोहात पऱ्हाटी उभी ठेवू नका, ती गुलाबी बोंडअळीची पुढच्या वर्षाची सोय होते. भिजलेला आणि पालापाचोळा लागलेला कापूस घरच्या कोरड्या कापसात मिसळू नका. ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की हमीभावात कपात आणि १२ च्या वर खरेदीच नाही. पसाभर ओल्या बोंडांनी गाडीभर माल पडत्या भावात जातो.

आपण मागायचे ते

मागणी भिकेची नाही. विम्यात हप्ता आपण भरतो. वैयक्तिक पाहणी आणि काढणीनंतरचे १४ दिवस परत आणा. मंडळाच्या वाऱ्याची नोंद दर आठवड्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा आणि ती भरपाईला धरा. पंचनाम्यात कडबा आणि काळवंडलेले धान्य मोजा. आणि तीन दिवसांत कोणी पाहणीला आले नाही तर गावपंचनामा हाच पंचनामा समजा.

त्या बाबांकडे आम्ही पुढच्या वर्षी पुन्हा गेलो होतो. त्यांनी चहा दिला. मागचे काही काढले नाही. निघताना एवढेच म्हणाले, "औंदा तुमची वाट बघितली नाही, साहेब. काढून घेतली." आम्हाला वाटते, त्यांनी बरोबर केले. पण आधी काढल्यामुळे हक्क बुडायची भीती कोणालाच राहू नये, एवढे काम आपल्या सगळ्यांवर आहे. आजचा ठराव गावागावातून सह्या होऊन आला पाहिजे, आणि तो पुढचा वारा सुटायच्या आत.