वीस वॅटनं साठ वॅटचा स्पीकर जळतो का?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



समितीनं मला फोन करून विषय दिला होता, 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं'. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, तेव्हा ते साहजिकच होतं. पण ती पंधरा मिनिटं मी दुसऱ्या विषयासाठी मागून घेतली. घरी गाणी ऐकायला अ‍ॅम्प्लिफायर किती वॅटचा असावा, हा तो विषय. हसू नका. आपल्या ग्रुपवर वर्षभरात चौघांनी हे विचारलंय, दर वेळी कुणीतरी "जास्त वॅट म्हणजे जास्त दम" असं उत्तर दिलंय आणि खाली अंगठे पडलेत. शिवाय या विषयात माझ्याकडे एकाची 28 वर्षांची उधारी आहे. ती फेडायला मला बाबांनी इथं उभं केलंय. बाबा म्हणजे तुमचे विज्ञानाचे सर, पहिल्या रांगेत बसलेत.

सरांच्या घरचा सेट तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. अ‍ॅम्प्लिफायर त्यांनी मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून आणला होता. एका बाजूला 20 वॅट. मागच्या पंख्यांसारख्या अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर 2एन3055 चे ट्रान्झिस्टर, त्या काळी ज्याच्या त्याच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये हेच असायचे. स्पीकरही तिथूनच आणले, आठ इंची वूफर आणि वर छोटा ट्विटर. खोकी मात्र आपल्या चिखलीच्या सुताराकडून करून घेतली, सागाची पट्टी लावून. स्पीकरच्या पाठीवर लिहिलेलं होतं, 60 वॅट, 8 ओहम. शाळेच्या स्नेहसंमेलनाला, पंधरा ऑगस्टला, निरोप समारंभाला हाच सेट हातगाडीवरून जायचा.

1996 च्या आपल्या निरोप समारंभाहून सेट परत आला तो घोगरा होऊन. उजव्या स्पीकरचा ट्विटर जळाला होता. समारंभात जोडणी केली होती आपल्याच वर्गातल्या एका मुलानं. वायरी, प्लगा, टेस्टर यांची त्याला भारी हौस. दुसऱ्या दिवशी बाबा त्याच्यावर सगळ्या वर्गासमोर ओरडले. तुम्हाला आठवत असेल, बाबा सहसा ओरडत नसत. त्यांचा हिशेब सरळ होता. वीस वॅटच्या मशीननं साठ वॅटचा स्पीकर जळूच शकत नाही, म्हणजे यानं काहीतरी उलटसुलट जोडलं. त्यानंतर शाळेच्या माइकला त्याला कुणी हात लावू दिला नाही. संध्याकाळी त्याचे वडील भरपाईचे पैसे घेऊन आमच्या घरी आले. बाबांनी घेतले नाहीत. मी आतल्या खोलीत पुस्तक उघडं ठेवून बसले होते.

तो ट्विटर मी जाळला होता. आठ दिवस आधी.

आम्हा चौघींचा नाच बसत होता, 'रंगीला'च्या गाण्यावर. बाबा घरी नव्हते. फेब्रुवारीची संध्याकाळ, शिवारात मोटरी चालू, त्यामुळे व्होल्टेज पार खाली, बल्ब पिवळा पडलेला. आम्ही आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. गाणं कर्कश झालं, पण नाचताना कोण बघतं? मग वार्निश जळाल्यासारखा बारीक वास आला आणि उजवीकडची झांज बंद झाली. बाकीच्या तिघींना कळलंही नाही. मला कळलं. मी बटण खाली आणलं आणि गप्प बसले.

बाजारातल्या ज्या मेकॅनिककडे स्पीकर दुरुस्तीला दिला, त्यानं तो परत देताना माझ्याकडे बघून विचारलं होतं, "काऊन वं पोरी, फुल्ल करून लावलं व्हतं ना? मशीन लहान पडली." मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यालाही कळलं नसेल. त्याचं म्हणणं बरोबर होतं आणि सरांचं चूक, हे मला कळायला आणखी दोन-तीन वर्षं गेली.

इंजिनिअरिंगच्या प्रयोगशाळेत सीआरओच्या पडद्यावर आम्हाला अ‍ॅम्प्लिफायरची लहर दाखवली. गोल, सुंदर, वर-खाली जाणारी. सरांनी बटण वाढवत नेलं आणि एका क्षणी लहरीचे माथे कापले गेले. राजूर घाटातून दिसणाऱ्या आपल्या डोंगरांसारखे, वरून सपाट. याला क्लिपिंग म्हणतात. अ‍ॅम्प्लिफायरला आतून जेवढे व्होल्ट मिळतात तेवढंच त्याचं छत. लहर त्याच्या वर जाऊ शकत नाही.

आता स्पीकरमध्ये काय होतं ते बघा. पाठीवरचे 60 वॅट हे संपूर्ण खोक्याचे, आणि तेही नेहमीचं गाणं वाजतंय असं धरून. गाण्यातली बरीचशी ताकद खालच्या सुरांत असते, ती वूफर झेलतो. ट्विटरच्या वाट्याला थोडीच येते, म्हणून त्याची तार केसासारखी बारीक केलेली असते. सतत दिले तर तिला मोजकेच वॅट सोसतात. बटण मर्यादेबाहेर फिरवलं की ढोलकीचे, गिटारचे मोठे सूर छताला आपटून तिथंच थांबतात. पण झांज, टाळी, सारंगीचा खर हे बारीक सूर अजून छताच्या खाली असतात. ते बटणाबरोबर वाढतच जातात. वर पुन्हा कापलेल्या माथ्यांतून मुळात नसलेले नवे उंच सूर तयार होतात, तेही ट्विटरकडेच जातात. पूर्ण चौकोनी झालेली लहर तर तेवढ्याच उंचीच्या गोल लहरीच्या दुप्पट ताकद देते, म्हणजे वीस वॅटच्या मशीनमधून चाळीस. वूफर हे सगळं सहन करतो. ट्विटरची तार तापते आणि जाते.

आणि आमच्या पिवळ्या बल्बचा हिशेब मी हॉस्टेलच्या खोलीत केला होता. 230 च्या जागी 170 व्होल्ट येत असतील तर साध्या ट्रान्सफॉर्मरच्या मशीनचं छत 74 टक्क्यांवर येतं. ताकद व्होल्टच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणून ती उरते साधारण 55 टक्के. आमचा वीस वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर त्या संध्याकाळी अकरा वॅटचा होता. गंमत अशी, की व्होल्टेज उतरलं म्हणून आवाज लहान होत नाही, फक्त छत खाली येतं. त्यामुळे कुणाला शंका येत नाही.

हे कळल्यावर त्याच दिवशी घरी पत्र लिहायला हवं होतं. नाही लिहिलं. आता काय त्याचं, असं म्हणत राहिले.

आता मधली वर्षं सोडते आणि गेल्या दिवाळीला येते. बाबा 76 वर्षांचे. सेट तोच, सकाळी भीमसेनजींचे अभंग, दुपारी कुमारजी. मी गेले तर आवाज एवढा मोठा की दारातून हाक मारलेली कळेना, आणि तरी गाणं गोधडीखालून आल्यासारखं. मी ट्विटरला कान लावला. दोन्ही बंद. केव्हा गेले? बाबांना माहीत नव्हतं. बाबांना ते गेलेत हेच माहीत नव्हतं. ट्रेबलचं बटण उजवीकडे टोकाला नेलेलं होतं.

बुलढाण्याला नेऊन त्यांची श्रवणचाचणी केली. खालचे सूर ठीक, 3000 हर्ट्झच्या पुढे आलेख उतारावरून घरंगळल्यासारखा खाली. वयाबरोबर कान असेच वरून खाली जातात. म्हणजे जो भाग ट्विटर वाजवतो, नेमका तोच बाबांना ऐकू येईनासा झाला होता. तंबोरा लागत नाही असं वाटून ते ट्रेबल वाढवत होते, मग आवाज वाढवत होते. ट्रेबलचं बटण टोकाला नेलं की त्या सुरांना साधारण 10 डेसिबल जास्त मिळतात, म्हणजे दहापट वॅट. मी सोळाव्या वर्षी नाचून जे केलं तेच ते खुर्चीत बसून अभंग ऐकताना करत होते. त्यांच्या बाबतीत वासही कुणाला आला नाही.

आता ग्रुपवरच्या चौघांचं उत्तर. दुकानात गेलात की वॅट आधी विचारू नका. स्पीकर एका वॅटला एक मीटरवर किती डेसिबल आवाज देतो ते विचारा. घरगुती स्पीकर साधारण 85 ते 90 देतात. आमचे 88 धरू. तीन मीटरवरच्या खुर्चीत, दुसरा स्पीकर आणि भिंतींची मदत धरून, हे 84 च्या आसपास पोहोचतात. घरात बसून नीट ऐकायला सरासरी 75 पुरे. दर 3 डेसिबलला वॅट दुप्पट किंवा निम्मे होतात, म्हणजे 75 ला लागतो एक वॅटचा आठवा भाग! पुण्यातल्या फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांना सांभाळून ऐकणारे तुम्ही बहुतेक जण एका वॅटच्या आतच आयुष्य काढता. पण गाणं सरासरीवर चालत नाही. तबल्याची थाप, बुवांची तान सरासरीच्या 15-20 डेसिबल वर उसळते. 20 डेसिबल म्हणजे शंभरपट, साडेबारा वॅट. तेवढ्याला आमचं जुनं मशीन पुरत होतं. बाबा 85 वर ऐकू लागले. फक्त दहा डेसिबल जास्त, कानाला साधारण दुप्पट. वॅट मात्र दहापट: सरासरी सव्वा, उसळी 125. आणि छत वीसचं.

यावर 150 वॅटचं मशीन आणणं हा एक उपाय. मी आधी खुर्ची सरकवली. तीनवरून दीड मीटरवर आणली, तेवढ्यानं चारेक डेसिबल फुकट मिळाले आणि उसळी पन्नास वॅटवर आली. मग 60 वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर घेतला, 8 ओहमला साठ देणारा. हेही बघून घ्या, बरेच विक्रेते 4 ओहमचा आकडा मोठ्या अक्षरात छापतात. मोठं मशीन लहान आवाजात चालवलं तर स्पीकरला सुरक्षित असतं. लहान मशीन पिळून काढणं घातक. अर्थात मोठं मशीनही टोकाला नेलंत तर वूफरसकट जाळेल, मग मला फोन करू नका.

आणि ते 'पीएमपीओ'चे हजार-दोन हजार वॅट! नव्वदच्या दशकात घराघरांत आलेल्या टेपरेकॉर्डरवर असायचे. मागे बारा व्होल्ट, एक अँपिअरचा अडॅप्टर. सरांनीच शिकवलंय, व्होल्ट गुणिले अँपिअर. बारा. बाराच्या वर सतत काही बाहेर येणं शक्य नाही. बाकीचे वॅट स्टिकरचे.

कानाचं यंत्रही घेतलंय. बाबा ते डबीत ठेवतात. आवाजाच्या बटणावर मी नेलपॉलिशची लाल खूण केली आहे, त्याच्यापुढं न्यायचं नाही. जागतिक आरोग्य संघटना 80 डेसिबलला आठवड्याला 40 तासांची मर्यादा सांगते, आणि बाबांचे आधीच कमी झालेले कान आणखी घालवण्यात अर्थ नाही. खूण पाळली जाते की नाही ते आईला विचारा.

हे सगळं समजावताना साहजिकच विषय निघाला. बाबा म्हणाले, "म्हणजे वीस वॅटनं साठ वॅटचा जळतो." मी म्हटलं, जळतो. आणि मग सांगून टाकलं, रंगीला, पिवळा बल्ब, सगळं. बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मला वाटलं, ऐकू आलं नाही. मग म्हणाले, "मी त्याच्यावर वर्गासमोर ओरडलो. त्याच्या वडिलांना उंबऱ्यावरून परत पाठवलं. तू मला एकट्याला सांगून काय उपयोग?"

त्याचे वडील आता नाहीत. त्यांना सांगायचं राहिलं ते राहिलंच.

तो मात्र इथं आहे. दहावीनंतर त्यानं हेच काम धरलं. आज या सभागृहातला माइक, मिक्सर, दोन्ही बाजूंचे स्पीकर त्यानंच लावलेत आणि मी बोलायला लागल्यापासून तो माझ्याकडे न बघता बटणांकडे बघतोय. मित्रा, तू त्या दिवशी सगळं बरोबर जोडलं होतंस. ट्विटर आधीच गेलेला होता आणि मला ते माहीत होतं. मी बोलले नाही. माफी मागते, तुझी, आणि इथं असलेल्या सगळ्यांसमोर.

बाबांचा एक निरोप आहे. नवे ट्विटर मी स्वतः बसवले, पण उजवा स्पीकर अजून खुरखुरतो. कंडेन्सर असेल, नाहीतर खोक्याचा सांधा सुटला असेल. मला सापडत नाही. ते म्हणतात, त्याला म्हणावं संध्याकाळी टेस्टर घेऊन ये, चहाही घे.