धक्क्यावर न आलेली शेवंड



 जूचंद्रला, चंडिका देवीच्या डोंगराच्या पायथ्याशी, मिठागरांच्या शेजारी मत्स्यशास्त्राची ही परिषद भरते आहे याचा आनंद आहे. 

परिषदेच्या अध्यक्षाने वर्षभरातल्या संशोधनाचा आढावा घ्यावा, अशी रीत आहे. आढावा लिहून आणला आहे. पापलेट २०२३ मध्ये राज्यमासा झाला, त्यानंतर त्याच्यावर झालेलं काम त्यात आहे, घोळ आहे, बोंबील आहे, किमान कायदेशीर आकारमानाचा विषय आहे. ती पानं छापील अंकात येतील. पण आज सकाळी मंडपाच्या दारातली रांगोळी पाहिली आणि ठरवलं, की जे बोलायचं म्हणून कित्येक वर्षं थांबलो, ते आज याच गावात बोलायचं.

दारात शेवंड काढली आहे. जूचंद्रच्या रांगोळीची ख्याती मी नव्याने सांगायला नको. येताना सगळ्यांनी तिचे फोटो घेतले, पण किती जणांनी नीट पाहिली, माहीत नाही. या शेवंडीला नांग्या नाहीत. अंगापेक्षा लांब, बुडाशी जाड आणि काटेरी अशा दोन मिशा आहेत, पायांच्या पाच जोड्या आहेत, शेपटीचा पंखा उघडा आहे. आपल्या कितीतरी शालेय पुस्तकांत आणि हॉटेलांच्या पाट्यांवर अटलांटिकमधली नांग्यांची लॉबस्टर असते; ती आपल्या पाण्यात नाहीच. रांगोळी काढणाऱ्या मुलीला विचारलं, चित्र कुठलं पाहिलंस? ती म्हणाली, "चित्र कशाला? मामाच्या होडीत बघितली." जिवंत शेवंड होडीत बघायची. माझी सगळी तक्रार या एका वाक्यात आहे.

आपण मेलेली शेवंड मोजतो. तीही जी धक्क्यावर येते, तेवढीच. आणि त्या मोजमापावरून समुद्रात किती आहेत, किती वेगाने वाढतात, किती पकडाव्यात, हे ठरवतो. माझं सगळं आयुष्य या मोजण्यात गेलं, म्हणून हे बोलायचा मला अधिकार आहे.

आपल्या किनाऱ्यावरची मुख्य शेवंड म्हणजे पॅन्युलिरस पॉलिफॅगस. शेवंड म्हटलं की स्वच्छ निळं पाणी आणि प्रवाळ डोळ्यांपुढे येतात, मालवण किंवा विजयदुर्गच्या पश्चिमेचा आंग्रिया बँक आठवतो. हिला मात्र गढूळ पाणी चालतं. खडकाच्या कपारीइतकीच चिखलातही ती रमते. म्हणून उल्हास नदी वसईच्या खाडीतून जिथे समुद्राला मिळते, तिथून उत्तरेला अर्नाळा, सातपाटी, डहाणू आणि पुढे गुजरातपर्यंत तिचं राज्य आहे. तिची अंडी फुटली की काचेसारखी पारदर्शक, पानासारखी चपटी अळी बाहेर पडते, फिलोसोमा. ती कित्येक महिने खोल समुद्रात वाहत राहते. मग रूप बदलून किनाऱ्याकडे पोहत येते. त्या अवस्थेला प्युरुलस म्हणतात, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ लहान पोर. हे पोर वाटेत काही खात नाही. किनाऱ्याजवळ आधार मिळाला की तिथेच बसतं, आणि मग त्याची शेवंड होते.

आता वाढीचं बघा. माशाच्या कानात खडा असतो, त्यावरच्या वलयांवरून वय सांगता येतं. शेवंडीला तो नाही. तिची वाढ कात टाकण्यातून होते, आणि कातीबरोबर वयाच्या खुणाही जातात. मी नोकरीला लागलो त्या वर्षी आमच्या संशोधन केंद्रातल्या सिमेंटच्या टाकीत एक शेवंड ठेवली होती. सकाळी टाकी धुणारा पोऱ्या धावत आला, "साहेब, एकीच्या दोन झाल्या!" एक टाकीच्या मधोमध उभी होती, मिशांपासून नखांपर्यंत पूर्ण, डोळ्यांवरचं पारदर्शक आवरणसुद्धा जागेवर. ती रिकामी होती. दुसरी कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. बोट लावलं तर उकडलेल्या अंड्यासारखी मऊ. दोन दिवस तिने काही खाल्लं नाही. वाढ म्हणजे काय, ते मला त्या कोपऱ्यात दिसलं. पुढच्या कितीतरी आलेखांत ते दिसलं नाही.

आलेख कसा काढतो आपण? धक्क्यावर जायचं, कवचाची लांबी मापायची, महिन्यामागून महिना लांबीचे गट मांडायचे, त्यांचे उंचवटे पुढे सरकताना दिसले की बर्टलान्फीचं १९३८ चं वाढीचं समीकरण बसवायचं. ऐंशीच्या दशकात मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी हे काम संगणकावर आणलं आणि आपल्यासारख्या देशांना मोठा आधार मिळाला. पद्धतीशी माझं भांडण नाही. त्या पद्धतीच्या तोंडी आपण काय घालतो, याच्याशी आहे.

पहाटेच्या धक्क्याचं दृश्य तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. होडी लागायच्या आधी व्यापाऱ्याचा माणूस पाण्यात उतरलेला असतो. मोठी, जिवंत शेवंड ओल्या गोणपाटात गुंडाळून थेट टपात जाते. तिला पट्टी लावायला तो तुम्हाला देत नाही, आणि त्याचंही बरोबर आहे, मेली तर भाव पडतो. बोटाएवढी पिल्लं डोलीच्या जाळ्यातून आलेल्या ढिगात करंदी-मांदेलीबरोबर असतात. तो ढीग वाळवणावर जातो, तिथे कोणी फूटपट्टी घेऊन बसत नाही. उरतात त्या मधल्या, पाय तुटलेल्या, मेलेल्या. त्या आपल्या. त्या मधल्यांवरून आपण सांगतो, की शेवंड कमाल एवढी होते आणि एवढ्या वर्षांत होते.

एकदा अशाच एका पहाटे शेवंडीला पालथी केली तर पोटाखालचे पाय स्वच्छ होते, पण गोणपाटाला नारिंगी ठिपके चिकटलेले. अंडी ब्रशने खरवडून काढली होती. अंडीवाली दिसली तर सोडून दे, असं आपणच सांगितलं होतं ना? मग ती विकायची कशी? माझ्या वहीत त्या दिवशी 'मादी, अंडी नाहीत' अशी नोंद झाली. त्या वर्षाच्या अहवालात ती आकडा म्हणून बसली आहे. ती मला आजही बोचते.

हे तरुण सहकाऱ्यांना अतिशयोक्ती वाटेल. त्यांनी चपट्या शेवंडीचं, थेनसचं, काय झालं ते वाचावं. मुंबईच्या समुद्रात ट्रॉलरना ती भरभरून मिळायची. तिच्या वाढीवर कागवाडे आणि कबली यांचा निबंध १९९६ मध्ये आला. तोवर ती गेली होती. १९९४ मध्ये तिची मासेमारी कोसळली, आणि डॉ. विनय देशमुखांनी २००१ मध्ये त्या ऱ्हासाची कहाणी लिहिली. काम करणारी माणसं उत्तम होती, आमच्यापेक्षा कष्टाळू होती. पण धक्का आपल्याला कालची बातमी देतो. पिल्लं यायची थांबली, हे धक्क्यावर कळेपर्यंत काही वर्षं निघून गेलेली असतात.

काल दुपारच्या सत्रात दोन गोष्टींवर खूप वाद झाला. पहिली, २००३ पासून निर्यातीसाठी या शेवंडीला असलेली ३०० ग्रॅमची मर्यादा वाढवावी का. दुसरी, २०१२ मध्ये किलाडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोळ्यांच्या देठात आणि जठरातल्या दातांत जी वलयं दाखवली, ती वय म्हणून धरावीत का. वलयांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. जठरातले दात कातीबरोबर जातात, हे मी त्या टाकीतल्या कातीत डोळ्यांनी पाहिलं आहे. जे टाकून दिलं जातं त्यावर आयुष्याचा हिशेब कसा राहील?

आणि मर्यादेबद्दल एक अनुभव सांगतो. अर्नाळ्याच्या एका तांडेलाशी माझी दोस्ती होती. त्याच्या होडीवर आम्ही काही शेवंडींच्या शेपटीच्या पंख्याला बारीक भोक पाडून त्या परत सोडल्या. कात टाकली तरी त्या भोकाची खूण काही काळ राहते. बाकीच्या कुठे गेल्या, कळलं नाही. दोन पावसाळे उलटल्यावर त्याने एक आणून माझ्या टेबलावर ठेवली. तिचं कवच मापलं. समीकरणाप्रमाणे जेवढी वाढायला हवी होती, त्याच्या निम्मीही ती वाढली नव्हती. एका शेवंडीवरून सिद्धांत होत नाही, मला कळतं. पण समुद्रात जाऊन परत आलेली तेवढी एकच शेवंड माझ्या सगळ्या नोंदींत आहे. तिचं ऐकायचं की धक्क्यावरच्या हजारोंचं? मी तिचं ऐकतो. वाढ इतकी सावकाश असेल, तर ३०० ग्रॅम कमी आहे.

मग धक्क्याऐवजी समुद्रातच मोजायचं कसं? पश्चिम ऑस्ट्रेलियात १९६८ पासून काय करतात? किनाऱ्याजवळच्या पाण्यात शेवाळासारख्या कृत्रिम तंतूंचे सापळे तरंगत ठेवतात. त्यांवर प्युरुलस येऊन बसतात, आणि ते दर चांद्रमासाला मोजतात. आज किती पोरं आली, यावरून तीन-चार वर्षांनी किती शेवंड मिळेल याचा अंदाज बांधतात, आणि तो अंदाज पाहून त्या वर्षी किती पकडायची ते ठरवतात. नायलॉनच्या दोऱ्या, तरंगतं पिंप, नांगर आणि मोजणारा माणूस, इतकंच लागतं. असा प्रस्ताव मी वरिष्ठांकडे तीनदा पाठवला. पहिल्यांदा उत्तर आलं की खर्च जास्त आहे, दुसऱ्यांदा की सापळे चोरीला जातील. तिसऱ्यांदा उत्तरच आलं नाही. ज्यांच्या होड्यांतून शेवंड येते त्या कोळ्यांना विचारलं असतं, तर सापळ्यांवर लक्ष त्यांनीच ठेवलं असतं. भावनगरच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या पट्ट्यात खड्डे खणून लहान शेवंडी पोसल्या गेल्या. तिथल्या लोकांना पिल्लं कुठे सापडतात, हे कुठल्या अहवालातून कळलं होतं?

पिल्लांची मोजणी न केल्याची किंमत मला वाढवणच्या बाजूला एका गावसभेत कळली. तिथे होऊ घातलेल्या बंदराला विरोध तापलेला होता. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये त्या बंदराची पायाभरणी झाली. एक वृद्ध कोळीण उठली आणि समोरच्या खडपाकडे, किनाऱ्याच्या खडकाळ पट्ट्याकडे, हात करून म्हणाली, "सायेब, शेवंडीची पिल्ला हयाच र्‍हातान. तुमच्या कागदान किती हाईत ती सांगा." माझ्याकडे वीस वर्षांचे धक्क्यावरचे टनांचे आकडे होते. खडपावरच्या पिल्लांचा एकही आकडा नव्हता. मी तसं सांगितलं. ती काही बोलली नाही, खाली बसली. माणसांचा निवाडा कागदावर होतो, आणि तिच्या बाजूचा कागद तयार करणं हे माझं काम होतं.

म्हणून या परिषदेने एक काम हाती घ्यावं, असं मला वाटतं. वसईपासून डहाणूपर्यंतच्या खडपांवर पिल्लांची नियमित मोजणी. सापळे लावावेत, होडीवर बसून जिवंत शेवंड मापावी आणि सोडावी, तांडेलांच्या वह्यांना आपल्या वह्यांइतकाच मान द्यावा. आराखडा, पैसा, कोणत्या महाविद्यालयाने कोणता पट्टा घ्यायचा, हे कार्यकारिणीने बसून ठरवावं. माझ्याकडे तयार योजना नाही. एकदा सुरू झाली की मोजणी थांबायला नको, एवढंच मला कळतं. जूचंद्रच्या आणि नायगावच्या मुलांनी यात उतरावं, ही माझी विनंती. डोळ्यांनी पाहून बिनचूक काढता येणारी शेवंड मोजणं त्यांना अवघड नाही.

प्युरुलस काळोख्या रात्री सर्वांत जास्त किनाऱ्याला लागतात. अमावास्येला आपल्याकडे सकाळी सहाच्या सुमाराला ओहोटी असते आणि खडप उघडं पडतं. येत्या अमावास्येला मी अर्नाळ्याला जाणार आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी साडेपाचला बंदरावर पोहोचावं, गमबूट आणि वही घेऊन.