घंटेवांचून चालणारी शाळा

१९०४ सालची गोष्ट. अमेरिकेंतील विस्कॉन्सिन प्रांतांत, एका खेड्यांतील एकाच खोलीच्या शाळेवर हेलन पार्कहर्स्ट या तरुण शिक्षिका रुजू झाल्या. मुलें चाळीस, इयत्ता आठ आणि शिक्षिका एकट्या! एका इयत्तेला धडा द्यावा, तर उरलेल्या सातांचें काय करावें? त्यांना गप्प बसवितां येतें. परंतु गप्प बसलेलें मूल शिकत असतेंच असें नाहीं. या पेचांतूनच पार्कहर्स्टबाईंच्या पुढील साऱ्या विचाराचा उगम झाला.

१९१५ सालीं सॅन फ्रॅन्सिस्को येथील प्रदर्शनांत डॉक्टर माँटेसरी यांच्या हाताखालीं त्यांनीं बालवर्ग चालविला. पुढें १९२० सालीं मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील डाल्टन या गांवच्या हायस्कुलांत त्यांची योजना अमलांत आली, आणि गांवावरून तिला ‘डाल्टन योजना’ हें नांव पडलें.

या योजनेंत वर्षाचा अभ्यास महिन्यामहिन्यांच्या कामांत विभागलेला असे. महिन्याच्या आरंभीं प्रत्येक विषयाचें काम लेखी मिळे, आणि तें पुरें करण्याचा करार विद्यार्थी करी. तासातासाची घंटा नव्हती. इतिहासाची खोली वेगळी, गणिताची वेगळी. तेथें त्या त्या विषयाचे शिक्षक व ग्रंथ हजर. कोठें जावयाचें व किती वेळ बसावयाचें, हें विद्यार्थ्यानेंच ठरवावयाचें. ज्याला इतिहास लौकर साधे, त्यानें तेथें वांचलेला वेळ गणिताला द्यावा. मात्र सर्व विषयांचें महिन्याचें काम संपल्यावांचून पुढील महिन्याचें काम हातीं पडत नसे. आपण कोठवर आलों, हें दाखविणारी रेघ प्रत्येकजण आपल्या आलेखपत्रावर स्वतः ओढी.

स्वातंत्र्य म्हणतांच कांहींच्या डोळ्यांपुढें मोकाट सुटलेलीं मुलें उभीं राहतात. परंतु येथें मुलाला वेळेचें स्वामित्व मिळालें, तें त्या वेळेचा हिशेब देण्याच्या अटीवर. नेहमींच्या वर्गांत सर्वांना एकच धडा एकाच गतीनें दिला जातो. हुशार मूल कंटाळतें, सावकाश शिकणारें मागें पडतें, आणि घंटा झाली कीं दोघांनाही हातचें काम टाकून उठावें लागतें. मागें पडलेलें मूल हळूहळू ‘आपण मंदच आहों’ असें मानूं लागतें. ही समजूत एकदां घट्ट बसली म्हणजे ती पुसून काढणें फार कठीण.

ही योजना निर्दोष आहे असें मात्र नाहीं. सारा भर लेखी कामावर पडला, तर वाचनांत कच्चें असलेलें मूल एकटें पडतें. एकत्र बसून वाद करण्याचा व कविता म्हणण्याचा आनंद मावळतो. शिवाय कामाचा कागद सर्वांना एकच दिला, तर घंटा गेली तरी सांचा राहतोच. म्हणून या पद्धतीनें शिक्षकाचें काम हलकें होत नाहीं. प्रत्येक मुलाला कोणतें काम झेपेल, याचा विचार त्याला आधीं करावा लागतो.

पार्कहर्स्टबाई १९७३ सालीं निवर्तल्या. हॉलंडमध्यें त्यांच्या पद्धतीच्या शाळा आजही चालू आहेत. इकडे महाराष्ट्रांतील वाड्यापाड्यांवर आजही एक-दोन शिक्षक चार इयत्ता सांभाळीत असतात. त्यांच्यापुढील पेच विस्कॉन्सिनमधील त्या खोलींतलाच आहे. तिसरींतल्या मुलाला आपलें आजचें काम एका कागदावर वाचावयास मिळालें, आणि चौथींतली मुलगी पहिलींतल्या पोराकडून अक्षरें गिरवून घेऊं लागली, तर अडलेल्या मुलापाशीं घटकाभर बसण्यास शिक्षकाला सवड होईल. त्यासाठीं मोठी इमारत लागत नाहीं कीं भारी साहित्य लागत नाहीं. घंटा कोणीही वाजवील. मूल नेमकें कोठें अडलें आहे, हें मात्र त्याच्याजवळ बसूनच कळतें.