पाटीवरचे नाव आणि टिळकांचे भजन
(रेव्हरंड टिळकांच्या पुण्यतिथीनिमित्त मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



मी बँकेतला कारकून. बी.कॉम. झालो आणि काउंटरला बसलो, साहित्याचा अभ्यास नाही. तरी आज ना. वा. टिळकांवर बोलायला उभा आहे, त्याला कारण आहे.

मराठी शाळेसाठी आपण सह्या गोळा करीत होतो. बेळगावच्या कॅम्पात एका दारावरची पाटी वाचून मी पुढे गेलो. हे आपल्यातले नव्हेत, असे मीच ठरवले. दहा पावले गेलो नाही तोच आतून पेटी आणि टाळ ऐकू आले. चाल अभंगाची, शब्द मराठी, नाव येशूचे. मागे फिरायचे धाडस झाले नाही. घरी येऊन लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' पुन्हा काढली.

टिळक १८६१ साली कोकणात जन्मले. त्यांची वाट बदलली ती आपल्यासारखीच महाराष्ट्राबाहेर. राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका परक्या गृहस्थाने त्यांना बायबल दिले. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घर मोडले, लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या. त्या दिवसांचे त्यांनी लिहिलेले वाचताना हसू येते आणि घसाही दाटतो. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी निदान तेवढे वाचावे.

धर्म बदलला, पण टिळकांनी मराठी सोडली नाही. देवळात विलायती चालींवर बसवलेली गीते गायली जात; त्यांनी भजने, अभंग लिहिले, कीर्तने केली. आपण तुकारामांच्या वाटेने ख्रिस्तापाशी पोचलो, असे ते मानीत. तेव्हाच्या अहमदनगरात त्यांच्या घरी बालकवी राहिले. त्यांना 'फुलामुलांचा कवी' म्हणत, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. त्यांची भजने मात्र आपल्यापर्यंत आली नाहीत. मराठी ख्रिस्ती उपासनेत ती आजही गातात.

१९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही त्यात येऊ शकत. दर महिन्याच्या एक तारखेला पगाराची रांग बघणारा माणूस मी. घरसंसार असताना बांधलेला पगार सोडणे म्हणजे काय, हे मला कवितेपेक्षा लवकर कळते. पुढे दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, ते गेले. 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले. जेमतेम लिहायला शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुरे केले.

आपण मराठी माणसे मोजतो, तेव्हा आडनाव बघून मोजतो. माझ्या हातून तरी तसे झाले. किती घरे अशी सुटली असतील, याचा हिशेब माझ्या वहीत नाही.

येत्या रविवारी, त्यांची उपासना आटोपल्यावर, मी यादी घेऊन त्या घरी जाणार आहे. आधी माफी मागेन, मग सही. मंडळातले दोघे-तिघे बरोबर आले तर बरे होईल. दुपारी बारा वाजता कॅम्पातल्या पोस्टासमोर मी थांबतो.